बालकाचे छायाचित्र आणि घरचा उजेड

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदा मला काही उपयुक्त विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी शुद्धलेखन किंवा पाढे यांवर बोलेन अशी पुष्कळांची समजूत झाली असावी. सारे आयुष्य प्राथमिक शाळेत फळ्यासमोर घालविलेल्या मनुष्याकडून दुसरी कसली अपेक्षा करणार? परंतु आज मी घरातील तान्ह्या मुलाचे छायाचित्र घरच्याच उजेडात कसे घ्यावे, हा विषय निवडला आहे. मी व्यावसायिक छायाचित्रकार नव्हे. एका रोलमध्ये अवघी १२ चित्रे निघत अशा साध्या कॅमेऱ्यावर हा नाद मला तरुणपणी लागला, आणि १२ चित्रे महिनाभर पुरवायची म्हटली की बोटाआधी डोळा वापरावा लागतो, एवढे शिक्षण त्या कॅमेऱ्याने मला दिले.

हा विषय निवडण्यास एक निमित्तही आहे. आपल्या स्मरणिकेत वर्षभरात जन्मलेल्या बालकांची छायाचित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि ती निवडून लावण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. ही चित्रे पाहताना आनंद होतो, तशी थोडी खंतही वाटते. कोठे बाळ टोपलीत, भोपळ्यात किंवा कागदी चंद्रावर अवघडून ठेवलेले असते. कोठे चेहरा इतका पांढराफटक केलेला असतो, की नाकाची कड सापडू नये. कोठे आईचा हात मनगटापासून कापलेला असतो. या सर्वांमागे प्रेमच असते, याविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु त्या प्रेमाला थोड्या माहितीची जोड मिळाली, तर खर्च वाचेल, बाळाचे हाल वाचतील आणि चित्रही खरे उतरेल.

प्रथम थोडा इतिहास पाहू. दागेर या फ्रेंच गृहस्थाची छायाचित्रणाची पद्धती १८३९ साली जगापुढे आली. लवकरच ही विद्या आपल्या देशात पोहोचली, आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. त्या काळच्या काचा अतिशय मंद असत. चित्र उमटण्यास कित्येक सेकंद, आरंभीच्या काळात तर काही मिनिटेही लागत. विजेचे दिवे नव्हते, म्हणून छायाचित्रगृहांना काचेचे छप्पर किंवा मोठाली तावदाने असत. मोठी माणसे हलू नयेत म्हणून डोक्यामागे लोखंडी आधार लावीत. पण तान्ह्या मुलाला कोण आवरणार? यावर विलायतेत एक चमत्कारिक युक्ती निघाली. आईने खुर्चीवर बसावयाचे, तिच्या अंगावरून चेहऱ्यासकट पडदा किंवा गालिचा टाकावयाचा आणि तिच्या मांडीवर मूल ठेवावयाचे! अशी कित्येक चित्रे आजही उपलब्ध आहेत. वरवर पाहता मूल खुर्चीवर एकटे बसलेले दिसते. नीट पाहिले म्हणजे त्या कापडाला खांदे आहेत, हे ध्यानात येते.

आपल्याकडे निराळीच अडचण होती. छायाचित्राने मनुष्याचे आयुष्य घटते, ही समजूत कित्येक वर्षे टिकून होती. ज्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट पडद्यावर आणला, ते दादासाहेब फाळके त्याआधी छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असत; त्यांनाही या समजुतीचा उपद्रव झाला, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. आज ती समजूत गेली आहे आणि काचाही मंद राहिलेल्या नाहीत. सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात चित्र उमटते. म्हणजे बालकाने स्थिर राहावे, एकटे बसावे, अमुक प्रकारे वळावे, अशी यंत्राची कोणतीही मागणी आता उरलेली नाही. यंत्राने सोडलेली सक्ती आपण हौसेपायी पुन्हा मुलावर का लादावी, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे उजेडाकडे वळू. शाळेत चंद्रकला शिकविताना आम्ही चेंडू आणि दिवा घेत असू. त्याच रीतीने आपण एक मोसंबे हातात धरून खिडकीशी उभे राहावे. खिडकी समोर असेल, तर मोसंबे सपाट दिसते. ते पाठीमागून उजळले, तर त्याचा नुसता काळा गोळा दिसतो. परंतु उजेड बाजूने आणि किंचित वरून येऊ लागला, की त्याचा गोलवा एकदम डोळ्यांत भरतो. एक अंग उजळ, दुसरे सावलीत आणि मधली छटा हळूहळू उतरत गेलेली. बाळाचा गालही याहून निराळा नाही. ज्याने मोसंब्यावर हा अभ्यास केला, त्याला बाळाला तिष्ठत ठेवावे लागत नाही.

यातून पहिला नियम निघतो. बाळाला खिडकीपासून दोन-तीन हातांवर, खाली सतरंजीवर किंवा रुंद पलंगाच्या मध्यभागी निजवावे. त्याचे डोके खिडकीच्या बाजूस किंवा तिरकस असावे. पाय खिडकीकडे नसावेत. पायांकडून उजेड आला, तर तो हनुवटीखालून वर चढतो, नाकपुड्या उजळतात आणि डोळ्यांवर सावली पडते. गोजिरवाणे मूलही मग नाटकातील राक्षसासारखे दिसू लागते. खिडकीपासून फार दूर गेल्यासही लाभ नाही. उजेड तर झपाट्याने कमी होतोच, शिवाय दूर गेलेली खिडकी लहान भासते आणि लहान उगमाची सावली कठोर असते. मोठ्या उगमाची सावली मऊ, हे सूत्र लक्षात ठेवावे.

दुसरा नियम असा, की ऊन नको, उजेड हवा. ऊन थेट अंगावर आले, की बाळ डोळे मिटते, कपाळाला आठ्या घालते आणि त्याचे अंगही तापते. पाश्चात्त्य पुस्तकांत 'उत्तरेची खिडकी' सांगितलेली असते. ती त्यांच्या देशात ठीक आहे; आपल्याकडे तिला पंचांगाची जोड द्यावी लागते. २१ मार्च ते २३ सप्टेंबरच्या दरम्यान सूर्य नेमक्या पूर्वेच्या उत्तरेस उगवतो आणि नेमक्या पश्चिमेच्या उत्तरेस मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपी किरणे शिरतात. मुंबईत तर मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस शून्य सावलीचे दिवस येतात, आणि त्या दोहोंच्या दरम्यान माध्यान्हीचा सूर्यही उत्तरेकडे असतो. हिवाळ्यात मात्र उत्तरेची खिडकी दिवसभर शांत असते. ज्यांच्या घरास उत्तरेची खिडकी नाही, त्यांनी हळहळू नये. पूर्वेची खिडकी दुपारी वापरावी, पश्चिमेची सकाळी. दक्षिणेच्या खिडकीवर पांढऱ्या सुती धोतराचा एक पदर टांगावा. ऊन त्यात अडून दुधासारखा उजेड खोलीत उतरतो. पावसाळ्यात ढगच हे धोतर टांगून ठेवतात. फक्त उजेड कमी असल्याने बाळ झोपलेले असताना चित्र घ्यावे, म्हणजे हालचालीने ते पुसट होत नाही.

खिडकीच्या विरुद्ध बाजूस सावली फार गडद वाटली, तर खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर टाकून ती बाळापासून हातभर अंतरावर ठेवावी. चादर उजेड परतविते आणि सावलीत गेलेला गाल पुन्हा दिसू लागतो. हे काम पांढऱ्यानेच करावे. आपल्या घरांतून भिंतींना हिरवा किंवा गुलाबी रंग असतो. तो रंग परावर्तित होऊन बाळाच्या तोंडावर येतो, आणि मग मूल आजारी का दिसते, याचा आपण विचार करीत बसतो. हिरवे पडदेही त्या वेळेपुरते काढून ठेवावेत. घरातील दिवे बंद करावेत, कारण खिडकीचा उजेड एका रंगाचा आणि दिव्याचा दुसऱ्या रंगाचा असतो. दोहोंच्या भांडणात चेहरा सापडतो. कॅमेऱ्याचा झगझगाट, ज्यास फ्लॅश म्हणतात, तोही बंद असावा. तो समोरून आदळतो आणि मोसंब्याचे पुन्हा सपाट पोळे करतो.

श्रोतेहो, आता मी जे सांगणार आहे, त्यासाठीच खरे म्हणजे हा विषय घेतला. कॅमेऱ्यातील उजेड मोजणारे यंत्र समोरच्या दृश्याचा सरासरी हिशेब करते, आणि ते दृश्य मध्यम उजळ असावे असे गृहीत धरते. हल्लीचे पुष्कळ मोबाईल चेहरा ओळखून हिशेब सुधारतात, तरीही त्यांची फसगत होते. बाळाला पांढऱ्याशुभ्र दुपट्यावर निजविले, की चौकटीत पांढरे फार होते. यंत्र म्हणते, 'उजेड जास्त झाला,' आणि सारे चित्र काळवंडून टाकते. त्यात बाळाचा चेहराही काळवंडतो. याच्या उलट प्रकार बोरन्हाणात होतो. संक्रांतीचा काळा कपडा बाळाच्या अंगावर असतो. यंत्र काळ्याला भुलते, उजेड वाढविते आणि हलव्याचे दागिने व चेहरा दोन्ही पांढरे होऊन त्यांतील बारकावा नाहीसा होतो. उपाय अगदी सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर बाळाच्या गालावर बोट टेकवावे. बहुतेक यंत्रांत शेजारी लहानसे सूर्याचे चिन्ह दिसते. पांढऱ्या दुपट्यावर ते किंचित वर सरकवावे, काळ्या कपड्यावर किंचित खाली. चित्र आणि मूल यांच्याकडे आळीपाळीने पाहावे, आणि दोन्ही सारखी दिसू लागली की थांबावे. दुपटे फिक्या पिवळ्या किंवा करड्या रंगाचे घेतले, तर हा खटाटोपही पुष्कळ कमी होतो.

परंतु घडते काय? पांढऱ्या दुपट्यावरचे चित्र काळपट येते, घरातील कोणी तरी चटकन म्हणते, "अगं बाई, काळा आला की!" आणि मग यंत्राची चूक मुलाच्या खाती लिहिली जाते. पुढे मोबाईलमधील सौंदर्याची कळ दाबून चेहरा पांढरा केला जातो. कित्येक मोबाईलमध्ये ती कळ आधीपासूनच सुरू असते. ती शोधून बंद करावी, अशी माझी प्रत्येक घरास विनंती आहे.

यासंबंधी शाळेतील एक प्रसंग सांगतो. चौथीच्या वर्गात मी मुलांना आपापली तान्हेपणची छायाचित्रे आणावयास सांगितली होती. ती फळ्यावर लावावयाची आणि कोणते कोणाचे ते इतरांनी ओळखावयाचे, असा खेळ होता. एका सावळ्या, तरतरीत मुलीचे चित्र कोणालाच ओळखता येईना. एका छायाचित्रगृहात ते रंगवून गोरेपान केलेले होते. शेवटी ती उभी राहिली आणि म्हणाली, "ती मीच आहे." वर्ग हसला. मुले निर्दय नसतात, त्यांना खरोखरच गंमत वाटली होती. पण ती मुलगी फळ्याजवळ गेली, आपले चित्र काढून तिने दप्तरात ठेवले, आणि त्या दिवशी ती पुन्हा हात वर करून बोलली नाही. नऊ वर्षांच्या मुलीला त्या चित्राने काय सांगितले असेल? तुझ्या जन्मदात्यांना जी मुलगी हवी होती, ती तू नव्हेस, असेच ना? आई-बापांच्या मनात तसे स्वप्नातही नसेल. परंतु चित्र मुलाच्या हाती उरते. आपल्या मनातील हेतू उरत नाही. म्हणून सावळे मूल सावळेच दिसू द्यावे. सावळ्या त्वचेवर खिडकीचा बाजूचा उजेड जी झळाळी आणतो, ती कोणत्याही कळीने आणता येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आता बैठकीविषयी. या बाबतीत आपला गुरू आपल्या देवघरातच आहे. पितळेचा रांगता बाळकृष्ण पाहा. एक हात जमिनीवर, एका हातात लोणी, एक गुडघा टेकलेला आणि मान वर करून आपल्याकडे वळलेली. त्या मूर्तिकाराने मुलाला बसविले नाही. मूल जसे असते तसे पाहिले. आपणही तेच करावे. पहिले दोन महिने बाळ उताणे, गुंडाळलेले किंवा आईच्या खांद्यावर असावे. मान धरत नाही तोवर कोणतीही बैठक देऊ नये. चौथ्या-पाचव्या महिन्याच्या सुमारास ते पालथे पडू लागते आणि कोपरांवर छाती उचलते, तेव्हा त्याचा चेहरा फार बोलका असतो. सहाव्या महिन्यानंतर ते हळूहळू बसू लागते. आपणहून बसेल तेव्हाच बसलेले चित्र घ्यावे. उशांच्या तटबंदीत कोंबून बसविलेले मूल चित्रात तसेच कोंबलेले दिसते. सर्व वयांत छायाचित्रकाराने मात्र खाली यावे. माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या मनुष्यालाही मुलाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावयाचे तर जमिनीवर पालथे पडावे लागते. त्यात कमीपणा नाही. उठताना कोणी हात दिला म्हणजे झाले.

हल्ली हनुवटी तळहातांवर टेकून झोपलेल्या नवजात बालकांची चित्रे पाहण्यात येतात. सुज्ञ पालकांनी हे जाणून असावे, की अशी चित्रे दोन निरनिराळी छायाचित्रे जोडून केली जातात आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी हात बाळाचे डोके सावरीत असतो. तो हात मागाहून पुसला जातो. घरी हा प्रयोग कदापि करू नये. बाळाचे नाक-तोंड कापडाने झाकले जाईल असे काही करू नये. टांगलेली झोळी, टेबलाची कड आणि खिडकीचा कठडा वर्ज्य समजावा. मोबाईल थेट बाळाच्या तोंडावर धरू नये, तो हातातून निसटतो. उघडे अंग असेल तर पंखा बंद असावा. डोळ्यांत काजळ घालू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. गालावरची तीट आजीच्या समाधानासाठी पुरेशी आहे. एक माणूस चित्र घेण्यास आणि दुसरा केवळ बाळाजवळ हाताच्या अंतरावर बसण्यास, अशी दोन माणसे असल्याशिवाय आरंभच करू नये. आंघोळ आणि दूध झाल्यावर, तेलाची चकाकी मऊ फडक्याने टिपून, दहा-पंधरा मिनिटे प्रयत्न करावा. मूल रडले की सभा बरखास्त. उद्याही सूर्य उगवणारच आहे.

आणि तो दुसऱ्या माणसाचा हात चित्रात आला, तर येऊ द्यावा. विलायतेतील त्या बिचाऱ्या मातांना यंत्राच्या मंदपणामुळे पडद्याआड बसावे लागले. आपण मात्र हौसेने आईला चौकटीबाहेर ठेवतो. आजीचे सुरकुतलेले बोट बाळाने मुठीत धरले आहे, आईचा पदर एका कडेस आला आहे, आजोबांच्या मांडीवर धोतराची घडी दिसते आहे, अशा चित्राला वीस वर्षांनी जी किंमत येते, ती कागदी चंद्राला येत नाही. बहुधा आईच चित्र घेत असते, म्हणून ती कोठेच दिसत नाही. तिच्या हातचे यंत्र घरातील इतरांनी कधी तरी मागून घ्यावे.

आणखी दोन गोष्टी सांगून पुरे करतो. पहिल्या मुलाच्या चित्रांनी घर भरते आणि दुसऱ्याच्या वेळी उत्साह ओसरतो. त्यातून ती दुसरी मुलगी असेल, तर अधिकच. हे आपल्या घरांत घडू नये. दुसरी गोष्ट, मोबाईलमधील हजार चित्रे ही न मोजलेल्या धान्यासारखी असतात. यंत्र बिघडले, हरवले, की सारे गेले. यास्तव दर वर्षी प्रत्येक मुलाची १२ चित्रे निवडून कागदावर छापून घ्यावीत आणि मागे पेन्सिलीने तारीख, ठिकाण आणि चित्रातील प्रत्येकाचे नाव लिहावे. महिन्याला एक एवढाच हा हिशेब आहे.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी आपण जी छायाचित्रे पाठवाल, ती खिडकीच्या उजेडातील, मुलाच्या खऱ्या वर्णाची आणि सांभाळणाऱ्या हातासकट असावीत, अशी माझी नम्र विनंती आहे. त्यांतील एकही हात कापला जाणार नाही, याची हमी मी देतो.